लायसन्स सगळ्यात शेवटी: ठाण्यातून दुबईत मार्केटिंग एजन्सी उभारताना

वागळे इस्टेटपासून घोडबंदर रोडपर्यंत आणि खाडीपलीकडे ऐरोली, वाशी, बेलापूरपर्यंत पाच-पंधरा माणसांच्या कितीतरी मार्केटिंग एजन्सी आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणांकडे एखादं तरी काम दुबई-शारजाचं असतं. कुणा नातेवाइकाचं रेस्टॉरंट, शाळेतल्या मित्राची लॉजिस्टिक्स कंपनी, नाहीतर आखातातल्या मराठी माणसांना फ्लॅट विकू पाहणारा इथलाच बिल्डर. असं दुसरं-तिसरं काम आलं की तिथेच कंपनी काढायचा विचार सुरू होतो, आणि नेमकी त्याच सुमाराला 'तीन दिवसांत दुबईत कंपनी' अशी जाहिरात मोबाइलवर दिसते.

तीन दिवसांत लायसन्स मिळतं, हे खरं आहे. पण त्याच दिवशी लायसन्सच्या वर्षभराच्या मुदतीचं घड्याळही सुरू होतं. बँक खातं उघडलेलं नसतं, व्हिसा नसतो, भारतातून पैसे कोणत्या नियमाखाली पाठवायचे ते ठरलेलं नसतं. यातच चार-पाच महिने जातात आणि पहिलं बिल फाडेपर्यंत नूतनीकरणाची आठवण करून देणारा मेल येतो. म्हणून क्रम उलटा धरा. आधी ग्राहक कुठला ते पक्कं करा, मग पैशाचा रस्ता, मग झोन, म्हणजे लायसन्स कुठलं घ्यायचं ते, आणि लायसन्सची फी सगळ्यात शेवटी भरा.

पैसा कसा जाणार

भारतात राहणाऱ्या माणसाने परदेशातल्या खासगी कंपनीचे शेअर घेतले की ती रिझर्व्ह बँकेच्या लेखी ओडीआय, म्हणजे ओव्हरसीज डायरेक्ट इन्व्हेस्टमेंट होते. सध्याचे नियम २२ ऑगस्ट २०२२ पासून लागू आहेत. कंपनी काढून देणारे कन्सल्टंट हा भाग सांगतच नाहीत, कारण त्यांचं काम दुबईच्या बाजूचं असतं. दंड मात्र इथल्या पॅनवर येतो.

रस्ते दोन आहेत. पहिला, व्यक्ती म्हणून एलआरएस, म्हणजे लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीमखाली. आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, ती लहान एजन्सीला पुरून उरते. वर्षभरात १० लाख रुपयांच्या वर गेलेल्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापते. समजा १६ लाख पाठवले, तर वरच्या ६ लाखांवर १ लाख २० हजार. हा पैसा बुडत नाही, रिटर्न भरताना वळता होतो, पण तोवर अडकून राहतो. सुरुवातीच्या खर्चात तो धरा. दुसरा रस्ता, तुमच्या प्रायव्हेट लिमिटेड किंवा एलएलपीच्या नावाने गुंतवणूक. मर्यादा शेवटच्या ऑडिट झालेल्या ताळेबंदातल्या नेटवर्थच्या ४०० टक्के. यात टीसीएस नाही. प्रोप्रायटरशिप असेल तर पहिलाच रस्ता उरतो, कारण प्रोप्रायटर म्हणजे कायद्याने तुम्ही स्वतःच.

दोन्हींत एक मोठा फरक आहे आणि तो फार उशिरा कळतो. व्यक्ती म्हणून तुम्ही त्या कंपनीत फक्त भागभांडवल घालू शकता, कर्ज देऊ शकत नाही. तिथल्या कंपनीचं भांडवल कागदावर दहा हजार दिरहम ठेवायचं आणि नंतर लागतील तसे पैसे 'मालकाचं कर्ज' म्हणून ढकलायचे, ही दुबईत सर्रास चालणारी पद्धत भारतात राहणाऱ्या व्यक्तीला बंद आहे. त्यामुळे पहिल्या सहा-आठ महिन्यांचा खर्च मोजून भांडवल तेवढंच ठेवा. नाहीतर दर वेळी भांडवलवाढ, दर वेळी नवा फॉर्म. कंपनीच्या नावाने गेलात तर शेअर घेतल्यावर कर्जही देता येतं, पण कागदपत्रं वाढतात. इन्कॉर्पोरेशन सर्टिफिकेट, मेमोरँडम, बोर्डाचा ठराव या सगळ्यांचं साक्षांकन लागतं. माझ्या मते एक-दोन मालक असतील आणि गरज वीस-पंचवीस लाखांच्या आत असेल, तर व्यक्ती म्हणून जाणं सुटसुटीत.

प्रत्यक्षात करायचं ते असं. झोनकडून नावाची प्राथमिक मंजुरी आणि प्रोफॉर्मा इनव्हॉइस, म्हणजे फीचं आगाऊ बिल, घ्यायचं. ते घेऊन बँकेच्या फॉरेक्स विभागाकडे परदेशी गुंतवणुकीचा फॉर्म एफसी द्यायचा. नेहमीच्या शाखेत बऱ्याचदा हा फॉर्म कुणी पाहिलेलाही नसतो, तेव्हा ठाण्यातल्या किंवा वाशीतल्या परकीय चलनाचं काम करणाऱ्या शाखेची चौकशी आधी करा. बँकेमार्फत रिझर्व्ह बँकेचा यूआयएन, म्हणजे या गुंतवणुकीचा ओळख क्रमांक, मिळतो, पैसे त्यावर जातात, आणि शेअर सर्टिफिकेट सहा महिन्यांत बँकेला द्यायचं असतं. त्यानंतर दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत एपीआर, म्हणजे वार्षिक कामगिरी अहवाल. तो चुकला तर ७,५०० रुपये विलंब शुल्क आहेच, शिवाय तो भरेपर्यंत पुढचे पैसे पाठवता येत नाहीत. कंपनी किंवा एलएलपीमार्फत गेलेल्यांना १५ जुलैचं एफएलए, म्हणजे परदेशी देणी आणि मालमत्तेचं, रिटर्नही लागतं.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते क्रेडिट कार्डावर. 'लायसन्सची फी कार्डावर भरून टाका, सोपं आहे' असं सांगणारे भेटतील. मग कंपनी तुमच्या नावावर होते आणि तिच्यात पैसा कुठून आला याची ओडीआय म्हणून नोंद कुठेच नसते. पुढे मोठी रक्कम पाठवायला बँकेत गेलात की बँक मागच्या रकमेचा यूआयएन विचारते आणि गाडी तिथेच थांबते. हे नंतर दुरुस्त करायला वकील, सीए आणि महिने लागतात.

मेनलँड की फ्री झोन

इथे लोक सर्वांत जास्त वेळ घालवतात. खरं तर ग्राहक ठरला असेल तर उत्तर लवकर मिळतं. सरकारी किंवा निमसरकारी कामं, मोठे रिटेल समूह, मॉलमधले इव्हेंट हे लक्ष्य असेल तर मेनलँड, म्हणजे दुबईच्या इकॉनॉमी अँड टुरिझम विभागाचं लायसन्स. जून २०२१ पासून बहुतेक व्यवसायांत स्थानिक भागीदाराची अट राहिलेली नाही, शंभर टक्के मालकी तुमचीच. जुन्या माहितीवर अजूनही '५१ टक्के अरबाला द्यावे लागतात' असं सांगणारे आहेत, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. ऑफिस मात्र लागतं आणि त्याचा करार इजारी या भाडेकरार नोंदणी प्रणालीत नोंदवावा लागतो.

ग्राहक लहान, ऑनलाइन किंवा देशाबाहेरचे असतील तर फ्री झोन, म्हणजे स्वतःचे नियम आणि स्वतःचं लायसन्स असलेलं खास व्यापारक्षेत्र. मीडियाच्या कामांसाठी ओळखीचे म्हणजे दुबई मीडिया सिटी, शारजातलं शम्स, अबुधाबीतलं टूफोरफिफ्टीफोर. याशिवाय सर्वसाधारण झोन भरपूर आहेत. अंदाजाला म्हणून बिनव्हिसाचं पॅकेज ६ ते १३ हजार दिरहम आणि एका व्हिसासह १५ ते २० हजार धरा. दुबई मीडिया सिटी याहून महाग. दिरहम डॉलरला १ डॉलर = ३.६७२५ असा बांधलेला आहे, त्यामुळे डॉलरच्या भावाला ३.६७ ने भागलं की आजचा रुपयातला दर मिळतो. फ्री झोनच्या कंपनीला मेनलँडवर मर्यादित काम करता यावं म्हणून दुबईने २०२५ मध्ये वेगळा परवाना आणला. सहा महिन्यांना ५,००० दिरहम. एखादंच काम मेनलँडवर असेल तर तो बरा, सगळीच कामं तिथली असतील तर सरळ मेनलँड घ्या.

झोनपेक्षा ॲक्टिव्हिटीची निवड जास्त महत्त्वाची. लायसन्सवर लिहिलेलं तेवढंच काम करता येतं. 'मार्केटिंग मॅनेजमेंट' घेतलं आणि उद्या इव्हेंट भरवला किंवा जाहिरातीचं शूटिंग केलं, तर ती ॲक्टिव्हिटी वेगळी आहे. इव्हेंट, जनसंपर्क, जाहिरात निर्मिती, सोशल मीडिया, प्रत्येकाला वेगळा कोड. पॅकेजमध्ये तीन-पाच ॲक्टिव्हिटी मिळतात, त्या सगळ्या वापरा, पण एकमेकींना साजेशा निवडा. मार्केटिंगसोबत 'जनरल ट्रेडिंग' घेऊन ठेवणाऱ्यांची बँकेत सर्वांत जास्त तपासणी होते, कारण बँकेला तुमचा धंदा नेमका कोणता ते कळत नाही.

नावाबद्दल एक बारीक गोष्ट. दुबईत माणसाचं नाव कंपनीला द्यायचं तर मालकाचं पूर्ण नाव लागतं, आद्याक्षरं चालत नाहीत. आपल्याकडे शोभणारं 'पी. जोशी अँड असोसिएट्स' तिथे नाकारलं जातं. धार्मिक शब्दही टाळा. 'श्री' किंवा 'ओम' घेऊन गेलात तर एक फेरी फुकट जाईल.

व्हिसा आणि बँक

लायसन्स हातात आलं की एस्टॅब्लिशमेंट कार्ड, म्हणजे कंपनीची इमिग्रेशन खात्यातली नोंद, मग एंट्री परमिट, तिथे गेल्यावर वैद्यकीय तपासणी, बोटांचे ठसे, एमिरेट्स आयडी. परमिटची मुदत साधारण ६० दिवस असते, तेवढ्यात जाऊन यायचं. सगळं धरून माणशी चार ते सहा हजार दिरहम आणि वर आरोग्य विमा, जो १ जानेवारी २०२५ पासून सातही अमिरातींत सक्तीचा आहे. साध्या निवासी व्हिसावर सलग सहा महिने यूएई, म्हणजे संयुक्त अरब अमिरातींच्या बाहेर राहिलात तर व्हिसा रद्द होतो. ठाण्यात बसून काम पाहणाऱ्यांनी परतीची तारीख कॅलेंडरमध्ये लिहूनच ठेवावी.

पदवीचं साक्षांकन लागणार असेल तर 'अपोस्टिल', म्हणजे आंतरराष्ट्रीय कराराखालचा एकाच शिक्क्याचा दाखला, करून घेऊ नका. यूएई अपोस्टिल करारात नाही. राज्य सरकारचं साक्षांकन मंत्रालयातून, त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं, त्यावर यूएईच्या वाणिज्य दूतावासाचं, आणि शेवटी तिथल्या परराष्ट्र खात्याचं, असा जिना चढावा लागतो. एजंटला 'यूएईसाठी' असं स्पष्ट सांगा.

बँक खातं ही खरी परीक्षा. बिनव्हिसाचं स्वस्त पॅकेज घेतलेले इथेच अडकतात, कारण बँकांना सही करणारा माणूस तिथला रहिवासी हवा असतो. दोन ते आठ आठवडे धरा. फाइलमध्ये काय असावं? भारतातल्या एजन्सीचं सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, जुन्या ग्राहकांची बिलं, यूएईतल्या किमान एका ग्राहकाचा सही केलेला करार, चालू वेबसाइट आणि तिच्यावर दुबईचा पत्ता, मालकाचा अनुभव सांगणारं एक पान, भांडवल कुठून आलं त्याचा पुरावा. शेवटच्यासाठी फॉर्म एफसीची प्रत उत्तम चालते. 'दरमहा किती पैसा येईल, कोणत्या देशांतून' याचं उत्तर फुगवून देऊ नका. पाच लाख लिहिलं आणि पन्नास हजार आले तरी प्रश्न येतो, उलटं झालं तर खातं गोठतं. पहिल्यांदा डिजिटल बँकेत खातं उघडा आणि वर्षभराचा व्यवहार दिसला की मोठ्या बँकेत जा. पारंपरिक बँकांत किमान शिल्लक पंचवीस-पन्नास हजार दिरहम ठेवायला सांगतात, तेवढा पैसा नव्या एजन्सीने अडकवू नये.

कर कमी, दंड जास्त

'दुबईत टॅक्स नाही' हे वाक्य आता विसरायचं. १ जून २०२३ किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांपासून कंपन्यांच्या नफ्यावर ९ टक्के कर आहे. पहिल्या ३ लाख ७५ हजार दिरहमांवर शून्य. म्हणजे ५ लाख नफा झाला तर १ लाख २५ हजारांचे ९ टक्के, ११,२५० दिरहम. यात घाबरण्यासारखं काही नाही. पण नोंदणी नवीन कंपनीने स्थापनेपासून तीन महिन्यांत करायची, नफा असो वा नसो. ती चुकली तर १०,००० दिरहम दंड, म्हणजे जवळजवळ वर्षभराचा कर.

'फ्री झोनला शून्य टक्के' यातही मेख आहे. शून्य टक्के फक्त पात्र उत्पन्नावर. फ्री झोनच्या बाहेरच्या ग्राहकांना दिलेली मार्केटिंग सेवा पात्र कामांच्या यादीत नाही. शिवाय शून्याच्या वाटेने गेलात तर ऑडिट सक्तीचं होतं. लहान एजन्सीसाठी दुसरी सवलत जास्त उपयोगी आहे, स्मॉल बिझनेस रिलीफ. उलाढाल ३० लाख दिरहमांच्या आत असेल तर करपात्र उत्पन्न शून्य धरलं जातं. ती ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत संपणाऱ्या करवर्षांपुरती आहे आणि रिटर्नमध्ये मागावी लागते, आपोआप मिळत नाही.

व्हॅट ५ टक्के. बारा महिन्यांत ३ लाख ७५ हजारांची सीमा ओलांडली की नोंदणी सक्तीची. या सीमेत बाहेरून घेतलेल्या सेवाही मोजल्या जातात, हे फार कमी लोकांना माहीत असतं. ठाण्याच्या ऑफिसने दुबईच्या कंपनीला पाठवलेलं बिलसुद्धा त्यात येतं. म्हणजे विक्री अडीच लाखांची असली आणि ठाण्याचं बिल दीड लाखाचं असलं तरी तुम्ही सीमेपार गेलात. फ्री झोनमधल्या कंपनीने फ्री झोनमधल्या ग्राहकाला दिलेल्या मार्केटिंग सेवेवरही व्हॅट लागतोच.

जाहिरातीचा पैसा स्वतःच्या खिशातून घालू नका

एजन्सी बुडण्याचं मुख्य कारण हे आहे, म्हणून जरा सविस्तर.

समजा ग्राहकाची मासिक फी १२ हजार दिरहम आणि मेटा-गुगलवरचं बजेट ३० हजार. बिल महिनाअखेरीस, पैसे ६० दिवसांनी. तिथे ६० दिवस ही सभ्य मुदत मानली जाते, ९० सुद्धा मागतात. जाहिराती तुमच्या कार्डावरून चालवल्या तर पहिला पैसा यायच्या आत तुम्ही तीन महिन्यांचे ९० हजार घातलेले असतात, तेही एका ग्राहकामागे. ग्राहकाने बिलात एक चूक काढली की आणखी एक महिना.

दुसरी बाजू कराची. असे सहा ग्राहक धरा. फी वर्षाला ८ लाख ६४ हजार. जाहिरातीचा पैसा २१ लाख ६० हजार. सगळी बिलं तुमच्या नावावर आणि जोखीमही तुमची असेल तर उलाढाल ३० लाख २४ हजार, आणि स्मॉल बिझनेस रिलीफ गेला. खरी कमाई मात्र साडेआठ लाखांचीच.

उपाय एकच: जाहिरात खातं ग्राहकाच्या नावाचं, कार्ड त्याचं, प्लॅटफॉर्मचं बिल त्याच्या नावाने. तुमच्याकडे फक्त ॲडमिन प्रवेश. एखादा ग्राहक ऐकतच नसेल तर महिन्याचं बजेट आगाऊ घ्या, आणि करारात लिहा की रक्कम जमा होईपर्यंत जाहिराती सुरू होणार नाहीत. व्हॅटच्या दृष्टीनेही फरक पडतो. बिल ग्राहकाच्या नावाचं असेल आणि तुम्ही फक्त त्याच्या वतीने भरलं असेल, तर ती रक्कम तुमच्या व्हॅटच्या बाहेर राहते. तुमच्या नावाच्या बिलाची भरपाई मागितलीत तर तिच्यावर ५ टक्के.

फीसाठी पुढच्या तारखांचे चेक मागायला संकोच करू नका. आखातात ती रीत आहे. घरभाडं, ऑफिसभाडं सगळं चेकांवर चालतं. शिल्लक नाही म्हणून चेक परत आला तर जानेवारी २०२२ पासून सहसा फौजदारी होत नाही, पण परत आलेला चेक घेऊन थेट वसुली न्यायालयात जाता येतं. नुसत्या बिलापेक्षा चेक हातात असणं केव्हाही चांगलं.

ठाण्याचं बिल

दुबईत एक-दोन माणसं आणि डिझाइन, व्हिडिओ एडिटिंग, जाहिरात हाताळणी ठाण्यात, हीच रचना बहुतेकांना परवडते. मग इथल्या फर्मने तिथल्या कंपनीला दरमहा बिल द्यायचं. जीएसटीत ही सेवेची निर्यात आहे, एलयूटी, म्हणजे हमीपत्र, दरवर्षी एप्रिलमध्ये नव्याने भरा म्हणजे कर न लावता बिल देता येतं. अट अशी की तिथली कंपनी स्वतंत्र हवी, इथल्या फर्मची शाखा नको. शाखा असेल तर निर्यातीचा दर्जा जातो. पैसे परकीय चलनात बँकेतून यायला हवेत आणि प्रत्येक रकमेचा बँकेचा दाखला जपून ठेवा.

दर मनाला येईल तो लावता येत नाही. दोन्हीकडे मालक एकच, त्यामुळे हस्तांतर मूल्याचे (ट्रान्सफर प्रायसिंग) नियम लागतात आणि रक्कम कितीही लहान असो, सीएचा अहवाल लागतो. सगळं काम ठाण्यात, सगळा नफा दुबईत, असं चित्र दिसलं तर प्रश्न येणारच. खर्च अधिक वाजवी नफा असं सूत्र लेखी करारात घाला आणि तेच दोन्ही देशांच्या हिशोबांत वापरा.

स्वतःचंही गणित पाहा. वर्षात १८२ दिवस किंवा जास्त भारतात राहिलात तर तुम्ही इथले रहिवासी करदाते आहात. दुबईचा पगार आणि तिथल्या कंपनीचा लाभांश दोन्ही इथे करपात्र. एमिरेट्स आयडी असला म्हणून यात फरक पडत नाही. रिटर्नच्या शेड्यूल एफए या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात तिथले शेअर आणि ज्या खात्यावर तुमची सही चालते ते बँक खातंही दाखवावं लागतं. जमिनी-घरं सोडून परदेशी मालमत्ता २० लाख रुपयांच्या वर असताना ते लपलं तर काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड आहे.

परवानगीशिवाय जाहिरात नाही

भारतात जाहिरात आधी चालवतात, तक्रार आली तर काढतात. तिथे ही सवय महागात पडते. दुबईत घरविक्रीच्या जाहिरातीला जमीन विभागाच्या ट्रखीसी प्रणालीतून परमिट क्रमांक लागतो, क्यूआर कोड छापावा लागतो. इथल्या बिल्डरच्या प्रकल्पाचं प्रदर्शन तिथे भरवायचं तरी परवानगी लागते. आणि प्रकल्प ठाण्याचा असल्यामुळे महारेराचा क्रमांक आणि क्यूआर कोडही विसरायचा नाही. दवाखाना, दातांचा डॉक्टर, केस रोपण, पूरक औषधं, यांना आरोग्य खात्याची जाहिरात मंजुरी. सेल, सोडत, 'खरेदी करा आणि गाडी जिंका' यासाठी इकॉनॉमी विभागाचं परमिट. रस्त्यावर शूटिंगलाही परमिट. ड्रोन हा तर स्वतंत्रच विषय. करारात लिहून ठेवा: परमिट काढणं कुणाची जबाबदारी, आणि फी कुणाची.

इन्फ्लुएन्सरला पैसे देण्यापूर्वी त्याच्याकडे यूएई मीडिया कौन्सिलचा जाहिरातदार परवाना आहे का ते पाहा. क्रमांक खात्यावर दिसायला हवा. फोनवरून विक्री करत असाल तर २०२४ च्या नियमांनुसार कॉल सकाळी ९ ते संध्याकाळी ६ याच वेळेत, आणि कंपनीच्या नावाने नोंदलेल्या क्रमांकावरूनच. ठाण्याच्या कॉल सेंटरमधून कुठल्याही नंबरवरून फोन लावणं बंद. राज्यकर्त्यांचे फोटो, ध्वज, राजचिन्ह जाहिरातीत वापरू नका, एआयने बनवलेले तर अजिबात नाही.

अरबी मजकूर

इंग्रजी पोस्ट तयार करून खाली यांत्रिक भाषांतराची अरबी ओळ चिकटवली की तिथला ग्राहक लगेच ओळखतो. लिहिणारा अरबी भाषक पाहिजेच, फ्रीलान्स असला तरी चालेल. पण डिझाइन ठाण्यात होणार, म्हणून इथल्या डिझाइनरने तीन गोष्टी शिकाव्यात.

अरबी अक्षरं एकमेकांना जोडलेली असतात आणि उजवीकडून डावीकडे जातात. सॉफ्टवेअरची सेटिंग चुकीची असेल तर ती सुटी सुटी आणि उलट्या क्रमाने दिसतात. जुन्या फाँटमध्ये मराठीची जोडाक्षरं फुटून पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसायची, अगदी तसंच. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर सुरू करा, इलस्ट्रेटर-फोटोशॉपमध्येही अरबी मांडणीची सेटिंग आधी तपासा. दुसरं, अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, जोड तुटतात. इंग्रजी शीर्षकाला शोभणारं मोकळं ट्रॅकिंग अरबीला मारक आहे. तिसरं, मांडणी पूर्ण उलटी करा: लोगो, बाण, 'पुढे जा'चं बटण, कॅरोसेलचा क्रम. लोगोची आकृती आणि इंग्रजी ब्रँडनाव मात्र उलटू नका. आणि छापायला किंवा चालवायला देण्याआधी अंतिम प्रतिमा लेखकाला दाखवा, वर्डमधला मजकूर दाखवून उपयोग नाही. चूक पेस्ट करताना होते.

वेळेचं सांगायचं तर ठाणं दुबईच्या दीड तास पुढे. त्यांचे सकाळचे ९ म्हणजे आपले साडेदहा. २०२२ पासून तिथे शनिवार-रविवार सुट्टी, सरकारी कार्यालयांत शुक्रवारी अर्धा दिवस. सौदीत सुट्टी शुक्रवार-शनिवार, म्हणजे सौदीचा ग्राहक रविवारी कामावर असतो आणि त्यासाठी ठाण्यात एका माणसाची पाळी लावावी लागते. रमजानमध्ये कामाचे तास दोनने कमी होतात आणि लोक इफ्तारनंतर रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर असतात. जाहिरातींचं वेळापत्रक त्याप्रमाणे बदला. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, तयारी आठ-दहा आठवडे आधी. जुलै-ऑगस्टमध्ये निर्णय घेणारी माणसं देशाबाहेर असतात, त्या दोन महिन्यांचे पगार मेपर्यंत बाजूला काढून ठेवा.

सौदी, ओमान, बहरीनला दुबईच्याच कंपनीतून सेवा देऊन सुरुवात करा. तिथे स्वतंत्र कंपनीची घाई नको. सौदीत व्हॅट १५ टक्के आणि ई-इनव्हॉइस सक्तीचं, बहरीनमध्ये १०, ओमानमध्ये ५. यूएईतही लहान कंपन्यांसाठी ई-इनव्हॉइस जुलै २०२७ पासून ठरलं आहे, तेव्हा हिशोबाचं सॉफ्टवेअर आत्ताच त्या हिशोबाने निवडा.

बंद करायची वेळ आली तर

लायसन्सचं नूतनीकरण न करता नुसतं सोडून दिलं की कंपनी बंद झाली, असं समजू नका. दंड साठत जातो आणि मालकाच्या व्हिसाच्या पुढच्या अर्जात तो वर येतो. क्रम असा: कर्मचाऱ्यांचे व्हिसा रद्द करून त्यांची ग्रॅच्युइटी द्यायची, म्हणजे पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचं मूळ वेतन. मग व्हॅटची नोंदणी रद्द करायचा अर्ज २० कामाच्या दिवसांत, कॉर्पोरेट टॅक्सचा तीन महिन्यांत. मग मालकाचा व्हिसा, एस्टॅब्लिशमेंट कार्ड, बँक खातं, आणि शेवटी लायसन्स. बँक खातं आधी बंद केलं तर कराचा परतावा यायला जागा राहत नाही. उरलेलं भांडवल भारतात आणलं की ३० दिवसांत बँकेमार्फत निर्गुंतवणुकीची नोंद करायची, त्याच यूआयएन क्रमांकावर, ज्यावर पहिला पैसा गेला होता.